पाकिटावरची शेवटची ओळ

दिवाळी महिन्यावर आली की आपल्या गावागावांतून परदेशी जाणाऱ्या डब्यांची तयारी सुरू होते. चिवडा, चकल्या, शंकरपाळे, एखादे पंचांग, नातवासाठी अंकलिपी आणि कडेला खोचलेले चार ओळींचे पत्र. डबा पांढऱ्या कापडात शिवला जातो आणि मग घरातील सगळी मंडळी एका प्रश्नापाशी थांबतात. पत्ता कुणी लिहायचा? बहुधा शाळेत जाणाऱ्या मुलावर ते काम येते, कारण त्याला इंग्रजी येते. ते मूल पेन घेऊन आमच्याकडे येते. गेली तीस वर्षे मराठी शाळेत शिकवत असल्याने असे पत्ते लिहून देण्याची आणि परत आलेले डबे पाहण्याची वेळ आमच्यावर वारंवार आली आहे. परत आलेल्या डब्यांत माल चांगला असतो, शिवण पक्की असते, टपालाचे पैसेही पुरेपूर भरलेले असतात. चुकलेला असतो तो पत्ता.

भाषा विशेषांकात टपालाचा विषय कशासाठी, असे काही वाचकांना वाटेल. कविता, लेख, निवेदने लिहिणारे आपल्यात मूठभर. पत्ता मात्र घरोघरी लिहावा लागतो, आणि सीमाभागात पत्ता लिहायला बसले की आपले सगळे प्रश्न त्या चार ओळींत येऊन उभे राहतात. बेळगाव लिहायचे की बेळगावी? राज्य कोणते? लिपी कोणती? आकडे कोणते? देशातल्या देशात पत्र असेल तर या उत्तरांत थोडे इकडेतिकडे झाले तरी गाव ओळखणारा पोस्टमन ते पोचवतो. समुद्र ओलांडणाऱ्या पार्सलाला ही सवलत नाही.

पत्ता आपण वरून खाली लिहितो. टपाल मात्र तो खालून वर वाचते. शिकागोत किंवा लंडनमध्ये पार्सल हाताळणाऱ्याला आपले नाव, गल्ली, मारुतीचे देऊळ यांच्याशी काही कर्तव्य नसते. पार्सल कोणत्या देशाच्या थैलीत टाकायचे एवढेच त्याला हवे असते, आणि ते तो शेवटच्या ओळीत शोधतो. पार्सल मुंबईच्या परदेश टपाल कार्यालयात उतरले की देशाच्या ओळीचे काम संपते, पिन कोडचे सुरू होते. जिल्ह्यात आले की पोस्टाचे नाव लागते, गावात आले की माणसाचे. एकेका ओळीचा वाचक असा वेगळा आहे. सर्वांत परका वाचक सर्वांत खालच्या ओळीचा, म्हणून ती सर्वांत स्वच्छ हवी. ‘इंडिया’ हा शब्द रोमन लिपीत, मोठ्या अक्षरांत, एकटा आणि शेवटी. त्याच्या खाली फोन नंबर नको की ‘काळजीपूर्वक हाताळा’ची सूचना नको.

आमच्या जिल्ह्याच्या बाबतीत ही ओळ विशेष मोलाची आहे. बेळगावचे जुने इंग्रजी स्पेलिंग आणि युरोपातील बेल्जियम या देशाचे स्पेलिंग एकाखाली एक लिहून पाहावे. दोन्ही सात अक्षरांची. पाचवे अक्षर तेवढे निराळे, आपल्यात ‘ए’, त्यांच्यात ‘आय’. पाकिटाच्या तळाशी ‘इंडिया’ नसेल आणि तेथे घाईने लिहिलेले आपल्या शहराचे नाव असेल, तर ते पाकीट ब्रसेल्सच्या थैलीत टाकणाऱ्या परक्या माणसाला दोष कसा द्यावा? हैदराबादेतील मराठी मंडळींनाही हा धोका आहे. हैदराबाद दोन आहेत, एक आपले आणि दुसरे पाकिस्तानच्या सिंध प्रांतात. ऑस्ट्रिया आणि ऑस्ट्रेलिया यांची गल्लत तर जगभरच्या टपालखात्यांना ठाऊक आहे. म्हणून देशाचे नाव आखडून लिहू नये, गृहीत तर मुळीच धरू नये.

देशानंतर पिन कोड. ही सहा आकड्यांची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली आणि ती घडवणारे होते श्रीराम भिकाजी वेलणकर, रत्नागिरी जिल्ह्यातले, टपाल खात्यातील वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतात काव्ये व नाटके लिहिणारे पंडित. भारतात एकाच नावाची गावे शेकड्यांनी आणि लिप्या डझनभर. त्यातून वाट काढायची तर नावावर भिस्त न ठेवता आकड्यावर ठेवावी, हा त्यामागचा विचार. भाषांवर प्रेम करणाऱ्या माणसाने भाषेवाचून चालेल असा पत्ता शोधला, याचे आम्हाला नेहमी कौतुक वाटते.

या आकड्यांचा अर्थ सीमाभागातील प्रत्येक शाळेत शिकवायला हवा. पहिला आकडा विभाग दाखवतो. ४ ने महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड. ५ ने कर्नाटक, आंध्र आणि तेलंगण. पहिल्या तीन आकड्यांनी टपालाचे वर्गीकरण करणारा जिल्हा ठरतो, शेवटच्या तिहींनी बटवडा करणारे पोस्ट. बेळगाव शहराचा ५९०००१, खानापूरचा ५९१३०२, निपाणीचा ५९१२३७. बिदर-भालकीकडे ५८५, कारवारकडे ५८१. हद्दीपलीकडच्या चंदगड तालुक्यात मात्र ४१६ आणि गोव्यात ४०३. बेळगावहून चंदगडला जायला फारसा वेळ लागत नाही, पण टपालाच्या दृष्टीने ती दोन वेगळी जगे आहेत. दोन्हीकडे शेती, दोन्हीकडे सोयरीक असलेली माणसे पलीकडच्या पोस्टाचा आकडा अलीकडच्या गावाला जोडून मोकळी होतात, आणि त्यांचे पार्सल कोल्हापूरला जाऊन बसते. शिवाय पिन कोड गावाचा नसून पोस्टाचा असतो. एका पोस्टाखाली बरीच गावे येतात. म्हणून आपले गाव आणि आपले पोस्ट ही दोन्ही नावे पत्त्यात हवीत. आपल्या वाडवडिलांनी ‘मुक्काम’ आणि ‘पोस्ट’ हे दोन शब्द उगाच वेगळे ठेवले नव्हते.

मात्र या ‘मु. पो.’चे इंग्रजीत आपण ‘ए’ आडवी रेघ ‘पी’ असे रूप केले आहे, ते परदेशी टपालावर टाळावे. ही दोन अक्षरे परक्या माणसाला, आणि आजकाल संगणकालाही, आंध्र प्रदेशाची आद्याक्षरे वाटू शकतात. त्यापेक्षा गावाचे नाव एका ओळीत आणि पुढच्या ओळीत ‘पोस्ट’ हा पूर्ण शब्द लिहून पोस्टाचे नाव, हे सरळ. तालुका अवश्य लिहावा. खानापूर आमच्या जिल्ह्यात आहे तसे सांगली जिल्ह्यातही आहे.

आता लिपीकडे येऊ, कारण येथे आपल्यात दोन टोकाची मते दिसतात. एक पक्ष म्हणतो, परदेशी टपाल म्हणजे इंग्रजीच, तेथे मराठीचे काय काम? दुसरा म्हणतो, आमचा पत्ता आम्ही आमच्याच लिपीत लिहू, पोचवणे त्यांचे काम. दोघांनीही मूळ नियम पाहिलेला नसतो. टपालाचा जागतिक करार १८७४ साली स्वित्झर्लंडमधील बर्न येथे झाला, भारत त्यात १८७६ पासून आहे, आणि त्या जागतिक टपाल संघाच्या नियमांत पत्त्याविषयी स्पष्ट सांगितले आहे. पत्ता रोमन अक्षरांत आणि सुवाच्य असावा. ठिकाणाचे व देशाचे नाव मोठ्या अक्षरांत असावे. यापुढचे वाक्य मात्र आपल्याकडे कुणी वाचत नाही. ज्या देशात टपाल जायचे तेथे दुसरी लिपी चालत असेल, तर पत्ता त्या लिपीतही द्यावा अशी त्या नियमांचीच शिफारस आहे!

म्हणजे मस्कतहून किंवा मँचेस्टरहून घरी पार्सल पाठवणाऱ्या आपल्या मुलाने रोमन पत्त्याच्या जोडीला देवनागरीत पत्ता लिहिला, तर तो हट्ट नव्हे, नियमाला धरून केलेली सोय आहे. मुंबईच्या वर्गीकरणात देवनागरी वाचणारे भरपूर. गावात पोचल्यावर तर त्या ओळीचा खरा उपयोग. ‘येळ्ळूर’मधला जोड ‘ळ्ळ’ रोमन लिपीत कसाही लिहिला तरी पंगूच राहतो. ‘पाटील गल्ली’ आणि ‘पाताळ’ यांत इंग्रजी ‘टी’ फरक करत नाही. आडनावांचे हाल तर विचारूच नयेत. आम्ही याहून एक पाऊल पुढे जाऊन सांगतो, आणि ते काहींना रुचणार नाही याची कल्पना आहे: घरात कुणाला कन्नड लिहिता येत असेल तर गावाच्या नावाची एक ओळ कन्नडमध्येही असू द्यावी. ग्रामीण टपालसेवकाच्या जागेवर नवा मुलगा दुसऱ्या जिल्ह्यातून आलेला असू शकतो. आपले पार्सल आपल्या दारात आणणारा माणूस ती ओळ वाचणार असेल, तर त्यात मराठीचे काही उणे होत नाही. मराठीची ओळ मात्र गाळू नये. या जादा ओळी रोमन पत्त्याच्या बाजूला किंवा वर लिहाव्यात, खाली नकोत. खालची जागा देशाची.

आकड्यांच्या बाबतीत मात्र आम्ही कडक आहोत. रोमन पत्त्यात आकडे इंग्रजीच हवेत. देवनागरी १ हा परक्या डोळ्याला ९ दिसतो, आपला ४ त्याला ८ सारखा वाटतो आणि ५ चे तो काय करील ते सांगता येत नाही. नियमात या इंग्रजी आकड्यांना ‘अरबी आकडे’ म्हटले आहे, पण अरबस्तानात रोज लिहिले जाणारे आकडे ते नव्हेत. तिकडचा ५ हा थेट आपल्या शून्यासारखा असतो. (हे सगळे आकडे मुळात भारतातूनच तिकडे गेले, हा इतिहास वर्गात जरूर सांगावा, पाकिटावर त्याचा उपयोग नाही.) युरोप खंडात १ ला वर लांब शेंडी देतात, तो आपल्याला ७ वाटतो, आणि आपला ७ त्यांना १ वाटतो. म्हणून तेथे ७ च्या पोटातून आडवी रेघ मारण्याची पद्धत आहे. तिकडे टपाल पाठवताना आपणही ती मारावी.

शहराच्या नावाचा प्रश्न १ नोव्हेंबर २०१४ पासून अधिक अवघड झाला. त्या दिवशी कर्नाटकाने बारा शहरांची इंग्रजी नावे बदलली आणि बेळगावचे सरकारी नाव ‘बेळगावी’ झाले. आम्ही बोलताना, लिहिताना बेळगावच म्हणतो आणि म्हणत राहू. पण परदेशातील संगणकात, कुरियरच्या यादीत, बँकेच्या फॉर्मात आता नवे स्पेलिंग आहे आणि जुनेही कुठे कुठे आहे. टपाल पिन कोडवर चालते, त्यामुळे पिन बरोबर असेल तर जुन्या नावाने पार्सल अडण्याचे कारण नाही. मात्र एकाच घरातला एक मुलगा एक स्पेलिंग लिहितो, दुसरा दुसरे, आणि आधारपत्रावर तिसरेच असते, हे थांबवले पाहिजे. जकातीच्या तपासणीत पाकिटावरचे नाव-पत्ता आणि ओळखपत्रावरचे नाव-पत्ता ताडून पाहण्याची वेळ येऊ शकते. तेथे ‘दादा पाटील’ चालत नाही. ओळखपत्रावर जे नाव, तेच पाकिटावर.

राज्याच्या नावाचे दुखणे याहून खोल आहे. आमच्या पिढीने पत्त्यात ‘महाराष्ट्र’ असे अभिमानाने लिहिले आहे. येळ्ळूरच्या वेशीवरचा ‘महाराष्ट्र राज्य’ हा फलक न्यायालयाच्या आदेशानंतर जुलै २०१४ मध्ये हटवण्यात आला आणि गावकऱ्यांनी लाठ्या खाल्ल्या, तो प्रसंग सीमाभागात कुणी विसरलेले नाही. तरीही समितीचे काम करताना तरुणांना आम्ही सांगतो की परदेशी पार्सलावर हा झगडा मांडू नका. ५९१ ने सुरू होणारा पिन आणि खाली ‘महाराष्ट्र’ असे दिसले की कुरियरचा संगणक त्याला विसंगती समजतो आणि पार्सल बाजूला पडते. ज्याचे औषध त्यात आहे त्याच्या भावनेचा विचार तो संगणक करीत नाही. आमची सूचना अशी की, टपालाच्या पाकिटावर राज्याची ओळ गाळून टाकावी. पिन कोड आणि देश असल्यावर ती नसली तरी टपाल पोचते, आणि जे मनाला पटत नाही ते हाताने लिहावेही लागत नाही. कुरियरच्या फॉर्मात मात्र पिन टाकताच राज्य आपोआप उमटते. ते तसेच राहू द्यावे. महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला आहे. सीमाप्रश्नाची जागा ती आहे.

हे झाले घरी येणाऱ्या टपालाचे. इकडून जाणाऱ्या टपालात सर्वाधिक घोळ आखाताचा असतो. आपल्या खेड्यांत आखातात गेलेला प्रत्येकजण ‘दुबईला’ असतो. आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी मस्कतमध्ये नोकरीला होता. त्याला शाळेचा दाखला आणि त्याचा प्रमाणित इंग्रजी अनुवाद तातडीने हवा होता. वडिलांनी तो रीतसर पाठवला, पत्त्यात शेवटी ‘मस्कत, दुबई’ असे लिहून. मस्कत ओमान या देशात आहे आणि दुबई संयुक्त अरब अमिरातीत. पाकीट पाच आठवड्यांनी ‘पत्ता अपुरा’ असा शेरा घेऊन परत आले, तोवर बढतीची मुदत संपली होती. मराठी शाळेत शिकला म्हणून मुलगा मागे पडला असे नंतर लोक म्हणू लागले. तो मागे पडला तो एका चुकीच्या ओळीने, शाळेने नव्हे.

अमिरातीत आपल्यासारखा पिन कोड नाही. तेथील टपाल पोस्टाच्या पेटीत येते, आणि कामगारांच्या बाबतीत ती पेटी बहुधा कंपनीची असते. म्हणून मुलाचे नाव, त्याचा कामगार क्रमांक, कंपनीचे पूर्ण नाव, पोस्ट बॉक्सचा क्रमांक, शहर आणि देश असा क्रम ठेवावा. तो कोणत्या कॅम्पात राहतो हे लिहून उपयोग नाही. कॅम्प बदलतात, पेटी बदलत नाही. ओमानमध्ये पेटीच्या क्रमांकासोबत तीन आकडी कोड लागतो. मोबाईल नंबर देशाच्या क्रमांकासह अवश्य द्यावा, पण तो नावाच्या जवळ.

ब्रिटनचा पोस्टकोड अक्षरे आणि आकडे मिळून होतो, मध्ये एक जागा सोडलेली असते. एका पोस्टकोडात सरासरी पंधराएक घरे येतात, त्यामुळे तो चुकला तर गल्लीच चुकते. तेथे शून्य आणि ‘ओ’ हे अक्षर, १ आणि ‘आय’ हे अक्षर निराळे दिसतील असे काढावे. अमेरिकेत पाच आकडी झिप कोड आणि त्याआधी राज्याची दोन अक्षरे. कॅलिफोर्नियाची ती दोन अक्षरे म्हणजेच कॅनडा देशाची आंतरराष्ट्रीय खूण, म्हणून खाली देशाचे पूर्ण नाव नसेल तर गोंधळ ठरलेला. इस्रायलमध्ये कोकणातून गेलेल्या बेने इस्रायल समाजाची मराठी बोलणारी घरे आहेत आणि तेथून ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक निघत आले आहे. तिकडच्या पत्त्याला २०१३ पासून सात आकडी कोड लागतो. जुन्या वहीतला पाच आकडी आता पुरत नाही.

आपल्याकडे प्रेषकाचा पत्ता पाकिटाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात लिहायची सवय आहे. परदेशी टपालावर ती मोडावी. पत्ता वाचणारी यंत्रे खालचा मजकूर आधी पकडतात. आपलाच पत्ता खाली असला तर पार्सल अर्ध्या जगाची फेरी मारून आपल्याच ओसरीवर येऊ शकते. प्रेषकाचा पत्ता वरच्या डाव्या कोपऱ्यात, लहान अक्षरांत, शेवटी ‘इंडिया’ लिहून. पत्ता पेन्सिलीने लिहू नये. कापडावर लिहायचे तर न पुसणाऱ्या शाईने.

पोस्टात मिळणाऱ्या जकातीच्या चिठ्ठीवर काही शब्द फ्रेंच असतात, कारण जागतिक टपाल संघाची अधिकृत भाषा फ्रेंच आहे. इंग्रजीपुढे आपण इतके दबून असतो, पण टपालाच्या दुनियेत इंग्रजीदेखील दुसऱ्या मानाची आहे, हे मुलांना दाखवावे. त्या चिठ्ठीवर ‘खाऊ’ किंवा ‘भेटवस्तू’ एवढेच लिहून भागत नाही. चिवडा किती, पुस्तके किती, वजन काय, किंमत काय, हे एकेक लिहावे लागते. २०२१ पासून वस्तू असलेल्या टपालाचा हा तपशील संगणकाने पुढच्या देशाला आधीच कळवणे बंधनकारक आहे, म्हणून फॉर्ममधला पत्ता आणि डब्यावरचा पत्ता अक्षरशः एकच हवा. कुंदा मात्र पाठवू नये. दुधाचा पदार्थ कित्येक देशांच्या जकातीत अडतो आणि अडला नाही तरी वाटेत नासतो.

पावतीवर तेरा चिन्हांचा क्रमांक असतो: दोन अक्षरे, नऊ आकडे, पुन्हा दोन अक्षरे. शेवटची दोन अक्षरे टपाल कोठून निघाले ते सांगतात, कोठे जाणार ते नव्हे. त्यामुळे आपल्या पावतीवर भारताची अक्षरे पाहून ‘हे इथेच राहिले’ म्हणून घाबरू नये. ती पावती पार्सल पोचल्याचा फोन येईपर्यंत जपून ठेवावी.

आणि डबा शिवून बंद करण्यापूर्वी एक कागद आत टाकावा. त्यावर दोन्ही पत्ते, दोन्ही फोन नंबर आणि दोन्ही देशांची नावे रोमन लिपीत लिहावीत. आपल्याकडचा पाऊस दसऱ्यापर्यंत रेंगाळतो, कापड भिजते, शाई उतरते, चिकटवलेली चिठ्ठी सुटते. डब्याबाहेरचे सगळे गेले तर उघडणाऱ्याच्या हाती तेवढा एक कागद लागतो.